होकुसाईंच्या लाटेचा पाच पॅनेलचा संच : एक पावसाळा ओलांडल्यानंतर

हा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांचा, पाच तुकड्यांचा संच उन्हाळ्यापासून ठाण्यातील आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. त्यावर छापलेले चित्र जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई यांच्या फुजी पर्वताच्या मालिकेतील प्रसिद्ध लाटेचे आहे. विक्रेत्याने मात्र ‘जपानी वेव्ह’ एवढेच लिहिले होते.

हे चित्र घाऊक प्रमाणात छापले जाते, याला मी उणीव मानत नाही. १८३१च्या सुमारास मूळ चित्रही लाकडी ठशांवरून मोठ्या संख्येने छापून सामान्य ग्राहकांना विकले जात होते. म्हणून पाहायचे ते एवढेच की, छापताना चित्रातले काय राखले आणि काय गमावले.

येथे गमावले बरेच आहे. मधले पॅनेल उंच आणि कडेची उतरत्या उंचीची असल्यामुळे डाव्या वरच्या कोपऱ्यातील शीर्षकाची चौकट व होकुसाईंची स्वाक्षरी दोन्ही कापली गेली आहेत. त्याहून मला खटकते ती तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलमधील फट, कारण ती नेमकी फुजीच्या उतारावर येते. ३,७७६ मीटर उंचीचा हा पर्वत लाटेच्या खोलगट भागात टेकडीएवढा दिसावा आणि समोर तीन होड्यांतील वल्हेकरी अंग चोरून बसलेले असावेत, यावरच सारी रचना उभी आहे. ती दुभंगली की उरते ती केवळ निळी-पांढरी नक्षी. निळाही मूळचा नाही. युरोपात तयार होणाऱ्या ‘प्रशियन निळा’ या रंगद्रव्यामुळे मूळ चित्राला गंभीर खोली आली होती, तर या छपाईत तो हिरवट आणि भडक झाला आहे.

टिकाऊपणाबाबत तक्रार कमी आहे. दुपारचे ऊन येऊनही रंग उतरलेला नाही आणि ओल्या फडक्याने पुसल्यास काही बिघडत नाही. मात्र पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीकडील पॅनेलची खालची कड फुगली, आणि सोबत आलेली दुहेरी चिकटपट्टी सुटल्याने दोन पॅनेल खिळ्यांवर टांगावी लागली. चकचकीत लॅमिनेशनमुळे रात्री ट्यूबलाइटचे प्रतिबिंब थेट लाटेच्या फेसावर पडते, तेही त्रासदायक आहे.

मोठी रिकामी भिंत स्वस्तात भरायची असेल, तर हा संच चालेल. चित्रावर जीव असणाऱ्यांनी एकसंध प्रतच घ्यावी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्यांच्याकडील मूळ प्रतीचे उत्तम छायाचित्र विनामूल्य उतरवून घेता येते. मूळ चित्र सुमारे २६ बाय ३८ सेंटिमीटरचे असल्यामुळे ए-३ आकाराच्या, चकाकी नसलेल्या जाड कागदावर ते मूळ मापात, चहूबाजूंनी थोडा समास सोडून छापता येते, आणि काचेची साधी फ्रेमही कोणत्याही फ्रेमवाल्याकडे करून मिळते.