पीटीच्या तासातले इंग्रजी : एका खेळवर्गाचे परीक्षण

चार ते सात वर्षांच्या मुलांना पीटीच्या तासातच हालचालींच्या खेळांमधून इंग्रजी शिकवणारा एक अभ्यासक्रम आमच्या शाळेने बाहेरच्या एका संस्थेकडून घेतला असून, वर्गशिक्षिका या नात्याने त्याचे तास मी हॉलच्या कडेला बसून नियमितपणे पाहत आले आहे. संस्था स्वतःची प्रशिक्षिका पाठवते आणि तिच्यासोबत रंगीत रिंगा, बीनबॅगा (दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या), चित्रकार्डे व शिक्षकांसाठी एक पुस्तिका येते. साहित्य दणकट आहे, कार्डे घामेजल्या हातांतही टिकतात. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. खरा प्रश्न खेळांच्या नियमांचा आहे, कारण इंग्रजी न ऐकताही जो खेळ जिंकता येतो, त्यात इंग्रजी केवळ शोभेपुरते उरते. या अभ्यासक्रमात दोन्ही प्रकारचे खेळ आहेत.

पद्धत नवी नाही. आज्ञा आणि कृती यांच्या आधारे इंग्रजी शिकवण्याचे पाठ ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरोल्ड पामर यांनी १९२०च्या दशकात जपानमध्ये रचले होते. पुढे १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या नावाने तिची सविस्तर मांडणी केली. मूल मातृभाषा बोलू लागण्याच्या कितीतरी आधी ती ऐकून त्याप्रमाणे वागू लागते, तेव्हा दुसरी भाषा शिकतानाही आधी ऐकणे व करणे यांना पुरेसा वेळ द्यावा आणि बोलण्याची सक्ती करू नये, हा तिचा गाभा. पुस्तिकेत हे नीट समजावून सांगितले आहे, आणि सुरुवातीचे काही आठवडे मुले गप्पच राहतील, अशी सूचनाही दिलेली आहे. ‘अजून बोलत कसा नाही’ म्हणून विचारणाऱ्या पालकांना ते पान दाखवता येते, ही मोठीच सोय झाली.

सर्वांत चांगला खेळ रिंगांचा आहे. प्रत्येक मुलासमोर जमिनीवर एक रिंग असते आणि प्रशिक्षिका ‘इन द हूप’, ‘बिहाइंड द हूप’, ‘जंप ओव्हर द हूप’ असे सांगत आधी स्वतः ती कृती करते, मग मुलांबरोबर करते, आणि शेवटी हात बांधून उभी राहते व केवळ आवाजावर खेळ चालवते. त्यानंतर ती अचानक म्हणते, ‘पुट युअर एल्बो इन द हूप!’ एल्बो मुलांना ठाऊक असते, हूपही ठाऊक असते, पण दोन्ही एकत्र त्यांनी कधी ऐकलेले नसते. क्षणभर हॉल थबकतो, कोणी कोपर टेकवते, कोणी गुडघा, आणि कोणी शेजाऱ्याकडे पाहून मग हळूच वाकते. शब्द कोणाला कळला आणि कोण नुसती नक्कल करत आहे, हे त्या क्षणात जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही लेखी चाचणीत दिसणार नाही. अशा अनपेक्षित, नव्याने जुळवलेल्या आज्ञांवर अ‍ॅशर यांचाही भर होता. नक्कल करणारे फार झाले, तर ही प्रशिक्षिका मुलांना गोलात पाठीला पाठ लावून उभे करते. युक्ती साधी आहे, पण अचूक लागू पडते.

याउलट पुस्तिकेतील रिले शर्यत निरुपयोगी वाटली. शब्द पुकारला जातो, मुलाने धावत जाऊन त्याचे चित्रकार्ड उचलून आणायचे असते. प्रत्यक्षात घाईत हाताला येईल ते कार्ड उचलले जाते आणि ज्याचे पाय चपळ तो संघ जिंकतो. शिवाय एक मूल धावत असताना उरलेले सगळे रांगेत उभे. पाच वर्षांवरील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; पीटीचा तास भाषेसाठी वापरायचा असेल, तर निदान त्यातली हालचाल तरी कमी होता कामा नये.

‘सायमन सेज’मध्ये, म्हणजे ‘सायमन सेज’ असे म्हणून दिलेलीच आज्ञा पाळायच्या खेळात, चुकलेला गडी बाद होतो, हा नियमही इथे उलटा परिणाम करतो, कारण ज्या मुलाला ऐकण्याचा सराव सर्वाधिक हवा, तेच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकून बसते. चुकलेल्याने बाद न होता शेजारच्या दुसऱ्या गोलात जाऊन खेळत राहावे, असे मी सुचवले आणि प्रशिक्षिकेने ते लगेच मानले. पुस्तिकेत मात्र जुनाच नियम छापलेला आहे.

हॉलचा घुमणारा आवाज ही आणखी एक अडचण. ‘हॉप’ आणि ‘स्टॉप’ हे शब्द प्रतिध्वनीत जवळजवळ सारखेच ऐकू येतात, आणि लंगडी घालायची की थांबायचे या गोंधळात मुले एकमेकांवर आदळतात. थांबण्यासाठी ‘फ्रीझ’ हा शब्द आणि सोबत वर केलेला हात पुरे ठरला. सुरक्षिततेच्या सूचना मात्र मातृभाषेतच द्याव्यात. तिथे इंग्रजीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

बोलण्याची बाजू लंगडी आहे. ज्याच्यावर राज्य येईल त्याने इतरांना आज्ञा द्यायच्या, हा खेळ मुलांना अतोनात आवडतो, एरवी तोंड न उघडणारी मुलेही त्यात ‘क्रॉल!’ म्हणून ओरडतात, पण अभ्यासक्रमात तो फार उशिरा आणि क्वचित येतो. त्यातही सारी भाषा आज्ञार्थी राहते. काल काय झाले, मला काय हवे, मला राग का आला, यांतले काहीच रिंगा आणि बीनबॅगांच्या साहाय्याने सहज शिकवता येत नाही. त्यामुळे बैठ्या तासातील गोष्टी व गाणी बंद करून केवळ यावर विसंबण्याचा विचार असलेल्या शाळांनी तो सोडून द्यावा. वर्गातील इंग्रजीला जोड म्हणून, आणि प्रशिक्षिका मुलांच्या नजरा कुठे वळतात हे पाहणारी असेल तर, मी हा अभ्यासक्रम घ्या असे सांगेन. सत्राअखेरचे प्रगतिपत्रक मात्र संस्थेने बदलले पाहिजे : त्यात ‘येणाऱ्या शब्दां’पुढे केलेल्या खुणा संपूर्ण गट एकत्र खेळत असताना केलेल्या असतात, आणि गटात नक्कल करूनही ती खूण मिळते.