अल्सरेटिव्ह कोलायटिस: सलाइनमधून इन्फ्लिक्झिमॅब की टोफासिटिनिबची गोळी?

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणारी सूज आणि जखमा. आधीची औषधं, म्हणजे मेसालामाइन झालं, ॲझाथायोप्रीन झालं, तरी स्टेरॉइडचा डोस खाली आणला की शौचातून पुन्हा रक्त. या टप्प्यावर पुण्यातल्या ओपीडीत अनेकदा दोन नावं पुढे येतात. दोन्हींची तुलना करण्याआधी अस्तरात नेमकं काय बिघडलंय ते पाहू, कारण माझं मत त्यावरच उभं आहे.

मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या गॉब्लेट पेशी सतत म्युसिन बनवतात. हे प्रथिन अवाढव्य असतं आणि आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या भागात, त्याची घडी नीट पडावी लागते. घडी चुकलेली प्रथिनं साचली की पेशीवर ताण येतो. मग ती नवं उत्पादन मंदावते, बिघडलेली प्रथिनं मोडीत काढते आणि तरीही ताण उतरला नाही तर मरते. अस्तरावरचा म्युसिनचा चिकट थर विरळ होतो, जिवाणू थेट अस्तराला भिडतात, सूज येते आणि ती सूज पेशींचा ताण आणखी वाढवते. 2008 साली उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. आतड्याच्या पेशींतलं एक्सबीपी-1 हे ताण सावरणारं जनुक काढल्यावर लहान आतडं आपोआप सुजलं, तर म्युसिनच्या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांना कोलायटिस झाला. म्हणजे ताण हा नुसता सुजेचा परिणाम नाही, सुरुवातही तिथून होऊ शकते.

इन्फ्लिक्झिमॅब टीएनएफ हे दाहाचं प्रथिन पकडतं. टोफासिटिनिब पेशीच्या आत जाऊन जॅक एन्झाइम अडवतं, त्यामुळे दाहाचे अनेक संदेश एकदम थांबतात. पण प्रथिनांची घडी सुधारणं हे दोघांचंही काम नाही. सूज दाबून ठेवली की अस्तराला भरून यायला उसंत मिळते, आणि ती उसंत महिनोन्‌महिने मिळायला हवी. म्हणून मी आधी एवढंच विचारेन: खंड न पडता यातलं कुठलं औषध तुम्हाला निभावेल?

इन्फ्लिक्झिमॅब पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर 8 आठवड्यांनी. प्रत्येक वेळी डे-केअरमध्ये काही तास जातात. मध्ये मोठा खंड पडला तर शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. औषध लागू पडेनासं होतं, रिॲक्शनही येऊ शकते. सासवड किंवा शिरूरहून येणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. खर्च मोठा आहे, बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) घेतलं तरी. मेडिक्लेममध्ये अशा इंजेक्शनला उपमर्यादा आहे का, हे लेखी विचारून घ्या.

टोफासिटिनिब 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण 8 आठवडे, मग 5 मिलिग्रॅम. गुण आला तर काही दिवसांतच जाणवतो आणि भारतीय जेनेरिकमुळे परवडतं. अमेरिकेत मात्र टीएनएफविरोधी औषध चाललं नाही तरच ते देतात, कारण रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि कर्करोगाचा इशारा त्याच्यावर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या माणसासाठी तो फार गंभीर आहे. नागीण उठण्याचा धोकाही वाढतो. लसीचं आधीच विचारा.

दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून क्षयाची तपासणी दोन्हींआधी हवीच. आपल्याकडे सुप्त क्षय इतका आहे की ती टाळायचा प्रश्नच नाही.

मूल हवं असलेल्या तरुणीसाठी मी इन्फ्लिक्झिमॅबकडे झुकेन. ते गरोदरपणातही चालू ठेवता येतं, टोफासिटिनिब टाळावं लागतं. साठीतल्या हृदयरोग्यासाठीही तेच. विमा नसलेल्या, हृदय ठणठणीत असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला मात्र गोळी रास्त वाटते, पण रक्ततपासण्या आणि कोलेस्टेरॉल न चुकवण्याच्या अटीवर.

काहीही निवडलंत तरी तीनेक महिन्यांनी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) तपासा आणि पुढे डॉक्टर म्हणतील तेव्हा कोलोनोस्कोपी करा; रक्त थांबलं तरी अस्तर भरलेलं असेलच असं नाही. वारीत चालून गुडघे धरले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका. शांत झालेला आजार या गोळ्यांमुळे पुन्हा उफाळू शकतो. पॅरासिटामॉल चालेल का, ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.