पेमेंट रिक्वेस्ट एपीआय: पत्ता बदलला तर चालतं, फोन नंबरचं काय?

मावशीचा आगरी मसाल्याचा धंदा नेरूळमधून चालतो, साइट माझ्याकडे. मोबाइलवर लांबलचक फॉर्म बघून गिऱ्हाइकं अर्ध्यातून निघून जायची, म्हणून अँड्रॉइडच्या क्रोमसाठी पेमेंट रिक्वेस्ट एपीआय लावला. ही ब्राउझरची तयार सोय: साइटने सांगितलं की ब्राउझर स्वतःच एक पेमेंट शीट (खिडकी) उघडतो आणि सेव्ह केलेला पत्ता, फोन नि पैसे द्यायचा मार्ग तिथेच निवडायला देतो. गणपती आणि दिवाळीची गर्दी त्याच्यावरच निभावली.

पत्त्याचा भाग झकास आहे. गिऱ्हाइकाने ऑफिसऐवजी घरचा पत्ता निवडला की साइटच्या कोडला 'शिपिंगअ‍ॅड्रेसचेंज' इव्हेंट, म्हणजे पत्ता बदलल्याची सूचना, येतो. आपण 'अपडेटविथ' या फंक्शनमधून नवा डिलिव्हरी चार्ज आणि एकूण रक्कम पाठवायची, त्याच शीटवर आकडा बदलतो. एक पथ्य पाळायचं: अपडेटविथ तिथल्या तिथे कॉल करायचं. सर्व्हरला चार्ज विचारायचा असेल तर त्याला प्रॉमिस (उत्तर नंतर येईल असा कोडमधला वायदा) द्या. आधी उत्तराची वाट बघत ('अवेट' करत) बसलात तर एरर ठरलेली.

चार्ज शहराच्या नावावरून मात्र ठरवू नका. खारघरचा माणूस कधी नवी मुंबई लिहितो, कधी पनवेल, कधी रायगड, आणि तिन्ही बरोबर! सिडकोची नवी मुंबई, महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड. नेरूळवाले ठाणे लिहितात, कारण जिल्हा ठाणे. आम्ही फक्त पिनकोड बघतो: 410210 खारघर, 400706 नेरूळ. सेक्टर-प्लॉट तर या टप्प्यावर कळतच नाही. पैसे द्यायचं बटण दाबेपर्यंत ब्राउझर नाव, फोन आणि पत्त्याची ओळ साइटला दाखवत नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर योग्यच आहे.

खरी गोम फोन नंबरची. तो हाती येतो पेमेंटच्या उत्तरासोबत. चुकलेला असेल तर 'रिट्राय' करून त्या रकान्याशी चूक दाखवता येते, गिऱ्हाईक दुरुस्त करतं तेव्हा 'पेयरडीटेलचेंज' इव्हेंट येतो, आपण पुन्हा तपासायचं. कागदावर सुरेख. कार्डाचं टोकन (कार्ड नंबरच्या जागी मिळणारा कोड) आधी घेऊन पैसे नंतर कापणाऱ्यांना उपयोगीही. पण आमचं बहुतेक सगळं यूपीआय. अ‍ॅपकडून उत्तर येतं तोवर पैसे खात्यातून गेलेले असतात, आणि रिट्राय म्हणजे पुन्हा पैसे द्यायला सांगणं. एका चुकलेल्या आकड्यापायी दोनदा पैसे घ्यायचे का? म्हणून फोन आम्ही शीट उघडण्याआधी आमच्याच पानावर घेतो आणि तिथेच तपासतो. (मावशी तरीही प्रत्येकाला फोन करून 'तिखट किती?' विचारतेच, तो भाग वेगळा.)

सप्टेंबर 2022 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने या एपीआयला मानक म्हणून मान्यता दिली, तेव्हा पत्ता आणि संपर्काचा भाग त्यातून वगळलेला होता. क्रोममध्ये तो चालतो, पण सगळा धंदा त्याच्यावर टांगावा असं मला वाटत नाही. सफारीत हा रस्ता अ‍ॅपल पेमधूनच जातो, फायरफॉक्समध्ये तो बंदच असतो. त्यांच्यासाठी साधा फॉर्म ठेवलाय, प्रत्येक रकान्याला 'ऑटोकम्प्लीट' (इथे काय भरायचं ते ब्राउझरला सांगणारी खूण) नीट लावून. तेवढ्यानेही सेव्ह केलेला पत्ता एका टॅपमध्ये भरला जातो.