'समरवॉटर': काही महिन्यांनी, दुसऱ्या वाचनानंतर

सारा मॉसची ही कादंबरी २०२० साली आली. माझ्याकडे ती हिवाळ्यापासून आहे. आधी एका दमात वाचली, मग मधूनमधून एखादं प्रकरण, आणि पाऊस लागल्यावर पुन्हा सगळी. आकाराने छोटी आहे, त्यामुळे परत हातात घ्यायला जड जात नाही.

स्कॉटलंडमधलं तळं, काठाला लाकडी केबिन्स, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस आणि पहाटेपासून न थांबणारा पाऊस. मोबाइलला रेंज नाही. पैसे भरून झालेत, म्हणून कुणी निघतही नाही. एकेका प्रकरणात एकेकाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं, अशी बारा माणसं. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. सुरुवातीला अडखळायला होतं, मग सवय होते.

पहिल्यांदा वाचताना 'आता काहीतरी वाईट होणार' या धाकाने मी पानं उलटत गेले. शेवट माहीत असताना वाचलं तेव्हा माणसं दिसली. क्लेअरला नवरा तासभर मोकळीक देतो, मुलांना सांभाळतो. आता काय करू, हे ठरवण्यातच तिचा तास सरत जातो. नवरा वाईट असता तर निदान चिडता आलं असतं! म्हातारी मेरी आठवेनासे झालेले शब्द नवऱ्यापासून लपवतेय. तो निवृत्त डॉक्टर. त्याला खरंच कळलं नसेल? हे प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

खिडकीतून सगळे एकमेकांना न्याहाळतात, आणि अंदाज बहुतेक चुकतात. एका केबिनमध्ये रात्री मोठ्याने गाणी लागतात. ती माणसं 'बाहेरची', एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. लोला नावाची मुलगी तिथल्या व्हायोलेटाला ज्या थंडपणे छळते, ते दुसऱ्यांदा वाचताना जास्त अंगावर आलं. मोठी माणसं घरात पुटपुटतात तेच ती उघड बोलते. ब्रेक्झिटनंतरचा ब्रिटन मॉसने यापलीकडे फारसा समजावत बसलेला नाही, ते बरंच.

तक्रार एकच. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला धोक्याची सावली लावलीय: डॉक्टरांनी बजावूनही धावणारी जस्टिन, खवळलेल्या तळ्यात कायाक घेऊन गेलेला मुलगा. चौथ्या-पाचव्यांदा ती युक्ती उघडी पडते. शेवटही घाईत उरकलाय. तिथे मला आणखी दहा पानं हवी होती.