रात्रीच्या दुधातील चॉकलेटी माल्ट पूड : अंथरूण ओले करणाऱ्या मुलांच्या दृष्टीने एक परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील कोणत्याही किराणा दुकानात गेले तरी चॉकलेटी माल्ट पुडीच्या छोट्या पाकिटांची माळ समोरच लटकलेली दिसते आणि मागच्या फळीवर तिचेच मोठे डबे मांडलेले असतात. आपल्याकडे ही पूड बहुतेक घरांत रात्रीच्या दुधात घातली जाते. जेवण झाले, दप्तर भरून झाले, की गरम दुधाचा पेला मुलाच्या हातात दिला जातो आणि लगेच अंथरूण घातले जाते. या पुडीची चव चांगली आहे, ती दुधात सहज विरघळते आणि दुधाला नाक मुरडणारी मुलेही तिच्यामुळे दूध पितात, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी तिचे परीक्षण एकाच प्रश्नापुरते करत आहे. सहा-सात वर्षांचे मूल रात्री झोपेत अंथरूण ओले करत असेल, तर हे पेय त्याला द्यावे का, आणि द्यायचे तर केव्हा? माझे मत असे, की या पुडीची रात्रीची वेळ मोडावी आणि सकाळची धरावी. चहा, कोला आणि एनर्जी ड्रिंक मात्र अशा मुलाला कोणत्याही वेळी देऊ नयेत.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे, त्यांना आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचे खरे ओझे कळते. जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटी-कणकुंबीकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, शहरातही गादी गॅलरीत टाकली तर ती सुकण्याऐवजी जास्तच दमट होते. कापसाच्या गादीत ओल एकदा आत शिरली, की वरचे कापड हाताला कोरडे लागते, पण दाबले की आतून गारवा जाणवतो आणि वास उरतोच. माझ्या बहिणीच्या घरी गोधड्या चुलीच्या धगीवर वाळवल्या जातात. एवढे कष्ट पडले की माणसाचा राग सहजच मुलावर निघतो आणि मग मारणे, चारचौघांत लाज काढणे असे प्रकार होतात. मूल हे मुद्दाम करत नाही. जगभरच्या आकडेवारीनुसार पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे १५ मुलांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी तो पाचेक मुलांत उरतो, आणि दरवर्षी यांतील साधारण १५ टक्के मुले काही उपचार न करता आपोआप कोरडी राहू लागतात. आई किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास झाला असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता बरीच वाढते. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

यामागे मुख्यतः तीन गोष्टी असतात. झोपेत शरीरात मूत्र कमी तयार व्हावे म्हणून मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. काही मुलांत हे अजून नीट जमलेले नसते, त्यामुळे त्यांचे मूत्राशय मध्यरात्रीच भरते. काहींचे मूत्राशय थोडक्यातच आवळते. आणि या जवळजवळ सगळ्याच मुलांना मूत्राशय भरल्याची जाणीव झोपेतून उठवू शकत नाही. यांतील एकही गोष्ट दुधाच्या पेल्याने निर्माण होत नाही. म्हणून अमुक पेय बंद केले आणि त्रास कायमचा गेला, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. जी यंत्रणा आधीच अपुरी पडते आहे, तिच्यावर ऐन झोपेच्या वेळी भार टाकायचा की नाही, एवढेच पेयांच्या बाबतीत आपल्या हातात असते.

आता डब्याकडे वळू. सर्वसाधारणपणे २०० मिलिलिटर दुधात २० ग्रॅमच्या आसपास पूड घालावी अशी सूचना डब्यावर असते आणि काही कंपन्या दिवसातून दोन कप घेण्यास सांगतात. दिवसाच्या कोणत्या वेळी ते घ्यावेत, याविषयी मात्र सहसा काही लिहिलेले नसते. मुलांच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता काढण्याचे एक प्रचलित सूत्र असे आहे, की वयात एक मिळवून आलेल्या संख्येला ३० ने गुणावे. म्हणजे सात वर्षांच्या मुलासाठी ती २४० मिलिलिटर येते. आमच्या घरातले स्टीलचे फुलपात्र मी मापाने भरून पाहिले, तर त्यात काठापर्यंत जवळपास तेवढेच दूध मावते. प्यालेले सगळे दूध जसेच्या तसे मूत्राशयात उतरत नाही हे खरे, परंतु जेवणातील आमटी, नंतरचे पाणी आणि वर हे फुलपात्र, असा सगळा ऐवज नऊच्या सुमारास पोटात गेला तर मध्यरात्रीनंतर काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कोकोमुळे या पुडीत कॅफिन आणि थिओब्रोमिन हे दोन्ही उत्तेजक पदार्थ येतात. त्यांचे प्रमाण चहाच्या मानाने फारच थोडे असते, म्हणून केवळ त्यांच्यावर बोट ठेवून डबा फेकून देणे मला अतिशयोक्तीचे वाटते. साखरेची गोष्ट अधिक गंभीर आहे. काही डब्यांवर १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या पुढे साखर लिहिलेली आढळते. ही माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, आणि पुढे मात्र उंची व ताकद यांचीच चित्रे असतात. गोड पिऊन झाले की मूल पुन्हा पाणी मागते, हा अनुभव बहुतेक आयांना असेल. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढण्यास सांगितले, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. ही पूड म्हणजे गोड चवीचा एक खाऊ आहे, असे धरून ती वापरली तर फसगत होत नाही.

आमच्या सासूबाईंनी आमच्या मुलाचे रात्रीचे दूध बंद करायला आधी विरोध केला. “दूध पिऊन झोपलं की पोर शांत झोपतंय की, उपाशी झोपवतेस काय ग त्याला?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, कारण वाढत्या मुलाला दुधाची गरज असतेच. आम्ही तेच दूध सकाळच्या नाश्त्याबरोबर देऊ लागलो आणि रात्रीचे जेवण अर्धा-पाऊण तास लवकर घेऊ लागलो. त्याने अंथरूण रोज कोरडे राहू लागले असे नाही, परंतु ओले झाले तरी पहिल्यासारखे चिंब नसते, खालची गादी वाचते. माझ्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

या पुडीपेक्षा मला अधिक काळजी चहाची वाटते. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, शाळेतून आले की चहा-खारी, आणि मुलाने हट्ट केला की त्याच्याही बशीत थोडा, अशी रीत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने मुलांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, म्हणजे २० किलोच्या मुलासाठी ती ६० मिलिग्रॅम होते. कडक उकळलेल्या एका कपातच ती संपू शकते. कॅफिनमुळे लघवी वाढते, मूत्राशय चाळवते आणि झोपही बिघडते. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१० साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशा मुलांना कॅफिनयुक्त पेये देऊ नयेत असे सांगितले आहे. लग्नाच्या पंगतीत आणि गणपतीच्या दिवसांत रात्री उशिरा फिरणाऱ्या कोलाच्या बाटल्यांनाही हेच लागू आहे. एनर्जी ड्रिंकविषयी तर दुकानदारांनीच जबाबदारीने वागायला हवे. आपल्या देशातील नियमानुसार अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते आणि ती मुलांसाठी नाहीत अशी सूचना बाटलीवर छापावी लागते, तरीही खाऊच्या पैशांत मिळणारी ती बाटली शाळेजवळच्या दुकानातून प्राथमिकच्या मुलाच्या हातात पडताना मी पाहिली आहे.

कोकम सरबत, ताक, नाचणीची आंबील यांत कॅफिन नसते, त्यामुळे ही पेये दिवसा निर्धास्तपणे द्यावीत. उसाचा रस कधीतरी दुपारी ठीक आहे.

मात्र संध्याकाळच्या पेयांचा विचार दिवसभराच्या पिण्यापासून तोडून करता येत नाही, आणि माझ्या मते आपल्या भागातील मुलांचे खरे दुखणे इथेच आहे. मूल साडेचार-पाचला घरी येते तेव्हा त्याची पाण्याची बाटली हातात घेऊन पाहावी. सकाळी भरून दिलेली बाटली तेवढीच जड लागते. कित्येक शाळांत स्वच्छतागृहे वापरण्याजोगी नसतात, मुलांना तिथे जावेसे वाटत नाही, म्हणून ती पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी दाबून धरतात. मग घरी आल्यापासून झोपेपर्यंत दिवसभराची तहान भागवली जाते. ‘नाइस’च्या त्याच तत्त्वांत चार ते आठ वर्षांच्या मुलाने दिवसाला १००० ते १४०० मिलिलिटर द्रव घ्यावे असे म्हटले आहे. या विषयातील अनेक डॉक्टर त्याची वाटणी अशी सांगतात, की साधारण ४० टक्के दुपारच्या आत, ४० टक्के संध्याकाळच्या आत आणि उरलेले २० टक्के त्यानंतर घ्यावे.

या दृष्टीने कर्नाटकातील सरकारी व अनुदानित शाळांतील क्षीरभाग्य योजना मला फार मोलाची वाटते. १ ऑगस्ट २०१३ पासून मुलांना शाळेत दूध दिले जाते, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीन दिवस त्यात नाचणीची माल्ट पूड मिसळली जाते. आपल्या मराठी शाळांतील मुलांनाही ते मिळते. दुधाचा पेला मुलाच्या पोटात सकाळीच जावा, ही जी गोष्ट डॉक्टर आपल्याला समजावून सांगतात, ती या योजनेत आपोआप घडते. ज्यांचे मूल शाळेत हे दूध पिते, त्यांनी रात्री पुन्हा फुलपात्र भरण्याची गरज नाही. नाचणीत कोकोसारखे किंवा चहासारखे कॅफिन नसते, शिवाय तिच्यात कॅल्शियम भरपूर असते, म्हणून घरी पूड वापरायचीच असेल तर मी चॉकलेटी डब्याऐवजी नाचणीची निवडेन.

या सगळ्याचा उलटा अर्थ काढून चार वाजल्यापासून मुलाचे पाणी तोडणारी घरेही आहेत. तसे मुळीच करू नये. तहानलेल्या मुलाला घोटभर पाणी नाकारणे क्रूरपणाचे आहे आणि त्याचा उपयोगही होत नाही, कारण कमी पाण्याने शौचास खडा होतो आणि मलाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देऊन त्रास वाढवते. केळी, पालेभाजी आणि दिवसा पुरेसे पाणी यांनी पोट साफ राहू लागले, की काही मुलांचे अंथरूणही कोरडे राहू लागते. काळे तीळ आणि गूळ देण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो. तिळगूळ खाऊ म्हणून चांगला आहे, पण उपचार म्हणून त्यावर वर्ष घालवू नये.

एका बाबतीत मात्र रात्रीच्या पेल्याविषयी काटेकोर राहावेच लागते. डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिन हे औषध दिले असेल, तर ते घेण्याच्या एक तास आधीपासून ते घेतल्यानंतर आठ तासांपर्यंत मुलाने घोटभरापेक्षा अधिक काही पिऊ नये. हे औषध शरीरातील पाणी रोखून धरते, त्यामुळे वरून दूध वा पाणी जास्त गेले तर रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घसरू शकते आणि झटकेही येऊ शकतात. गोळी आई देते आणि दूध आजी देते, असे ज्या घरी चालते, तिथे ही सूचना प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगून ठेवली पाहिजे.

सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला सतत तहान लागू लागली, वजन घटू लागले, लघवीला जळजळ होऊ लागली किंवा दिवसाही कपडे ओले होऊ लागले, तर पेयांचे प्रयोग करत बसू नये. मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, हे लघवीच्या आणि रक्ताच्या साध्या तपासणीत कळते आणि जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे ती लगेच करून घ्यावी, विशेषतः तहान व वजन घटणे एकत्र दिसले तर त्याच दिवशी.

डबा घरात आधीच आणलेला असेल तर तो टाकून देण्याचे कारण नाही. सकाळच्या दुधात एक सपाट चमचा, वर साखर न घालता, एवढ्या प्रमाणात तो संपवावा. रात्रीचे जेवण झाल्यावर मुलाने पाणी मागितले तर थोडे द्यावे, झोपायच्या आधी त्याला लघवीला नेऊन आणावे, आणि पुढचा डबा आणण्याआधी मागच्या बाजूचा साखरेचा आकडा दुकानातच वाचावा.