काकांची पेटी वाजती करून देणारा फोंड्याचा कारागीर

आमचे थोरले काका गेल्यावर त्यांची पेटी माडीवर पडून होती. दोन पावसाळ्यांत पट्ट्या फुगून अडकल्या, पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या पात्यांवर, हिरवट थर चढला, भाता फाटला. शहरातल्या एका दुकानात दाखवली, तर सगळे सूर काढून नवे घालू म्हणाले. सूरच बदलले तर काकांचं त्यात काय उरणार? मग भजनी मंडळातल्या एकाने फोंड्याच्या बाजारामागच्या गल्लीतला हा कारागीर सुचवला.

त्याने पेटी उघडायच्या आधी विचारलं, "वाजवायचं कोण? कुठल्या पट्टीत?" काळी दोन, मी सांगितलं. काका कुळागरात पाणी सोडताना गुणगुणायचे तेही काळी दोनमध्ये. पण आम्ही पोरं गायला बसलो की मुकाट्याने पट्टी उतरवायचे. कुणी बेसूर झालं तर थांबवत नसत, त्याचा सूर तेवढा जरा दाबून धरायचे, की पोर आपसूक जागेवर येई. वास्कोच्या दामोदर सप्ताहात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास भजन चालतं. तिथे मध्यरात्री आमची पाळी आली की मला पेटीशेजारी चटईवर निजवून ते साथीला बसत. बोरीचे पेटीवादक तुळशीदास बोरकर त्यांचं दैवत. २०१६ साली बोरकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा काकांनी वाड्यावर पेढे वाटले होते, घरातलंच कुणी असल्यासारखे.

सूर जर्मन आहेत, बदलायचे नाहीत, असं कारागिराने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एकेक सूर काढून त्याने साफ केला आणि माझ्यासमोर लावला. टोकाकडे किंचित घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. कान लावून, घाई न करता करायचं काम. काकांच्या बोटांनी झिजलेल्या पट्ट्या त्याने तशाच ठेवल्या. भात्याच्या घडीत काकांनी स्वतः डकवलेला कागद निघाला, माझ्या आईबाबांच्या लग्नपत्रिकेचा. त्या जागी त्याने नवं चामडं लावलं आणि कागद पाकिटात घालून माझ्या हातात दिला. त्या वेळी मला रडू आवरलं नाही.

भाता आता हलका चालतो, दम टिकतो, खर्ज भरून येतो. वरच्या सप्तकातला एक सूर अजून थोडा उशिरा बोलतो; तो पुन्हा बघून देणार आहे. मजुरी साडेपाच हजार, चामड्यासकट. मला ती रास्त वाटली. तक्रार म्हणाल तर वेळेची: सांगितलेली तारीख दोनदा पुढे गेली, फोनही क्वचितच उचलतो. प्रत्यक्ष जाऊन बसा.

घरी कुणाची जुनी पेटी असेल तर मे संपायच्या आत न्या. पावसाच्या दमट हवेत तो सूर लावत नाही, आणि श्रावणाच्या तोंडावर सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे रांगेत असतात.