माउंटन बाइकला बार एंड: लावायचे की नको?

१९९० च्या दशकात बार एंड (हँडलबारच्या टोकांना लावायच्या, पुढे आलेल्या शिंगांसारख्या छोट्या दांड्या) सर्रास दिसायचे. तेव्हा हँडलबार साधारण ५६०-६०० मिमीचे, अरुंद. आता ७४० ते ८०० मिमीचे बार आले, हात आधीच पसरलेले असतात आणि टोकाला शिंगं लावली की ती झुडपांत अडकतात. दाट झाडीच्या ट्रेलवर एखादी फांदी अडकली की चाक क्षणात वळतं आणि आपण आडवे. शिवाय हात तिथे असताना ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत, म्हणजे उतारावर त्यांचा उपयोग शून्य.

पण लांबचा, एकसुरी चढ असेल तर गोष्ट वेगळी. उभं राहून पेडल मारताना बार एंड धरले की तळवे आत वळतात, मनगट सरळ राहतं, जोर नीट लागतो. पकड बदलता आल्यामुळे करंगळीला येणाऱ्या मुंग्याही कमी होतात. यासाठी ग्रिपच्या आतल्या बाजूला, ब्रेकजवळ बसणारे छोटे बार एंड मला जास्त पटतात. फांद्यांची कटकटच नाही. कार्बनचा बार असेल तर मात्र उत्पादकाची परवानगी बघूनच क्लॅम्प आवळा.

कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास चालवणाऱ्यांनी खुशाल लावावेत. वळणावळणाच्या ट्रेलवाल्यांनी नादी लागू नये.